कविता म्हटलं की नाक मुरडणारी मुलं : काय करावं?

तिरपी_रेघ

मंडळी, एक अडचण घेऊन आलेय.

पाचवी ते सातवीच्या मुलांचा भाषेचा एक जादा तास मी घेते. गोष्ट म्हटलं की सगळी सरसावून बसतात. नाटुकलं म्हटलं की कोण काय होणार यावरून भांडणं. आणि कविता म्हटलं की वर्गावर अवकळा. पहिला प्रश्न, "बाई, किती ओळींची?" दुसरा, "यमक पाहिजेच का?" मग जे कागदावर उतरतं ते साधारण असं :

पाऊस आला पाऊस आला
आनंद झाला सर्वांना
मोर नाचला मोर नाचला
पिसारा दिसला सर्वांना

यातल्या एकाही मुलाने मोर नाचताना पाहिलेला नाही. मुद्दाम विचारलं मी.

त्यातून दोन मुलांचं काय करावं ते खरंच कळत नाही. एक गणितात हुशार आहे. त्याच्या मते कविता म्हणजे "उगाच अर्धवट लिहिलेला धडा". दुसरा काही बोलतच नाही, कागद कोरा परत देतो. उद्धटपणा नाही, नुसता कोरा.

कवितेची आवड लावता येते का? नुसत्या वाचून दाखवाव्यात की लिहायलाही लावावं? कुणी मुलांबरोबर हे केलं असेल तर सविस्तर लिहा.

बेरकी बोका

"अर्धवट लिहिलेला धडा" म्हणणाऱ्या पोराला आत्ताच समीक्षक म्हणून नेमून टाका. हलके घ्या.

जुना_फळा

ताई, मी सगळी नोकरी भाषा शिकवण्यात घालवली. माझं मत सांगतो, पटलं तर घ्या.

मुलांना कविता आवडत नाही, हे मला कधीच पटलेलं नाही. त्यांना कवितेखालचे प्रश्न आवडत नाहीत. चार ओळी वाचून होतात न होतात तोच "कवीला यातून काय सुचवायचे आहे?" येऊन उभा राहतो. मूल काय शिकतं? की कविता म्हणजे कुणीतरी मुद्दाम लपवून ठेवलेलं उत्तर, आणि ते आपल्याला सापडलं नाही तर आपण मठ्ठ. असं वाटत असताना कोण कशाला तिच्या वाटेला जाईल?

मी एक करत असे. तास सुरू होताना एक कविता मोठ्याने वाचायची. थोडं थांबून तीच पुन्हा वाचायची. मग विचारायचं, कुठली ओळ कानात राहिली? कारण विचारायचं नाही. ज्याला सांगायची त्याने सांगावी, नसेल तर पुढे चला. पहिले काही तास तीच ती हुशार मुलं बोलतात. मग मागच्या बाकावरून अचानक एखादा शब्द येतो. ओळही नाही, शब्द. तो फळ्यावर लिहायचा आणि खाली काही लिहायचं नाही.

आणखी एक. जी कविता तुम्हाला स्वतःला कंटाळवाणी वाटते ती वाचू नका. मुलांना आवाजातून कळतं. अभ्यासक्रमात आहे म्हणून वाचलेली आणि राहवत नाही म्हणून वाचलेली, यातला फरक आठ वर्षांचं मूलही ओळखतं.

वाचनमात्र

जुना_फळा सर, आदर ठेवून असहमत. अर्थ विचारायचाच नाही हे दुसरं टोक झालं. माझ्या मुलीला कविता आवडायला लागली ती एका बाईंनी एका ओळीवर अर्धा तास वाद घालू दिला म्हणून. "हे तो खरंच म्हणतोय की चिडून म्हणतोय?" एवढ्या एका प्रश्नावर वर्गाचे दोन तट पडले होते. घरी आली तीही भांडतच. अर्थ विचारणं वाईट नाही, एकच अर्थ बरोबर धरणं वाईट.

जुना_फळा

वाचनमात्र, तुमच्या बाईंनी विचारला तो प्रश्न मलाही चालेल. त्याचं उत्तर मार्गदर्शकात सापडत नाही. माझा राग उत्तर आधीच छापून ठेवलेल्या प्रश्नांवर आहे.

गणिती

मी कवितेतला नाही, पण त्या गणितवाल्या मुलाची बाजू मांडायला आलोय, कारण मी तोच होतो.

त्याला भावना वगैरे सांगू नका. त्याला सांगा की हे मोजता येतं. लघु (ऱ्हस्व) अक्षर म्हणजे एक मात्रा, गुरू (दीर्घ) म्हणजे दोन. लघुला ल म्हणायचं, गुरूला गा. मग भुजंगप्रयात हे वृत्त द्या : लगागा लगागा लगागा लगागा. बारा अक्षरं, वीस मात्रा, तोच तुकडा चार वेळा. मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत, म्हणजे ज्याच्या कानावर ते पडलेत त्याला चाल आधीच माहीत असते, फक्त नाव माहीत नसतं. ल ला चुटकी, गा ला टाळी. वर्गात दोन फेऱ्या वाजवल्या की चाल अंगात बसते. आणि मग कुठलीही फालतू ओळ त्यात बसवायला सांगायची. फालतूच. उदाहरणार्थ :

घड्याळात काटे पळाले कुठे हे

अर्थ बघू नका, बसलंय की नाही ते बघा. शाळेत आम्हाला वृत्तं शिकवली ती ओळखण्यापुरती, "पुढील ओळींचे गण पाडा". भरायला कुणी दिलीच नाहीत. रिकामा साचा हातात आला असता तर मी बहुतेक तेव्हाच अडकलो असतो.

दीर्घ_ईकार

गणिती, ओळ चुकली. "घड्याळात" मध्ये घ नंतर जोडाक्षर आहे, म्हणजे घ गुरू. गागागाल झालं.

गणिती

नाही हो. जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू होतं ते त्यावर आघात येत असेल तरच. "घड्याळ" म्हणून बघा, घ वर जोर येतो का? तसंच "तुम्ही", "पुन्हा". यात तु आणि पु लघूच राहतात. उलट "सत्य" म्हणताना स वर आपोआप जोर पडतो, तो गुरू. डोळ्यांनी नाही, कानांनी मोजायचं.

दीर्घ_ईकार

हं. "दिव्य" आणि "दिव्याखाली" म्हणून बघितलं. पहिल्यात दि जड, दुसऱ्यात हलका. मानलं. पण शाळेत आम्हाला सरसकट गुरू शिकवलं होतं हे नोंदवून ठेवतो.

बेरकी बोका

धागा मुलांचा, आणि टाळ्या-चुटक्या इथे चालू. काटे पळाले, त्यांच्यामागून मुलंही.

शाईचा_डाग

मला वाटतं ताईंच्या मूळ प्रश्नातच उत्तर आहे. "यमक पाहिजेच का?" मुलं विचारतायत तर सांगून टाका, नको.

त्या मोराकडे बघा ना. तो कुठून आला? पाऊस म्हटलं की मोर, मोर म्हटलं की पिसारा, शेवट जुळवायला "सर्वांना". मुलाने काही पाहिलंच नाही, त्याने फक्त जुळवलं.

अमेरिकन कवी केनेथ कोक १९६८ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या एका सरकारी प्राथमिक शाळेत मुलांना कविता लिहायला शिकवत होता. तो यमकाला सरळ मनाई करायचा, कारण यमक शोधण्याच्या नादात मुलं स्वतःचं म्हणणं सोडून देतात. त्याऐवजी तो ओळीची सुरुवात द्यायचा. सगळ्यात पहिल्यांदा त्याने अख्ख्या वर्गाची मिळून एक कविता केली. प्रत्येकाने एकच ओळ लिहायची, सुरुवात "मला वाटतं की असं असतं तर" या धर्तीची, आणि ओळीत एक रंग, चित्रकथेतलं एक पात्र आणि एक शहर किंवा देश आलाच पाहिजे. कागद गोळा केले आणि सलग वाचून दाखवले. कुणाची ओळ कुठली ते सांगायचं नाही. लाजणाऱ्या मुलाला याहून सोपा दरवाजा नाही.

त्याचीच दुसरी सुरुवात, "आधी मी... होतो, पण आता...". मी ही मराठीत वापरते. एका चौथीतल्या मुलाने लिहिलेलं :

आधी मी मुळाक्षर होतो
पण आता जोडाक्षर झालोय
आणि कुणाला माझा उच्चार येत नाही

त्याला त्याच वर्षी धाकटा भाऊ झाला होता, हे मला नंतर कळलं.

मीनल_म

शाईचा_डाग, ती तिसरी ओळ!!

ठेका

यमकावर एवढा राग का? लहान मुलं आपण होऊन जे काही म्हणतात, चिडवाचिडवी, खेळातली गाणी, राज्य कुणावर ते ठरवायच्या ओळी, सगळ्यात यमक असतं. कुणी शिकवलेलं नसतं. जे त्यांचं आहे तेच काढून घ्यायचं आणि वर म्हणायचं की आता मोकळेपणाने लिहा. यमक वाईट नाही, आळशी यमक वाईट. "आला-झाला" ला वर्गात बंदी घाला, बस्स.

मी अभंगाचा साचा देतो. मोठा अभंग : सहा, सहा, सहा, चार अक्षरं. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला. मात्रा नाहीत, लघु-गुरू नाही, नुसती अक्षरं मोजायची. जोडाक्षर एक धरायचं. बोटांवर जमतं. विषय एकच अट घालून द्यायचा : दप्तराच्या आत असलेली वस्तू. पाऊस नाही, आई नाही, निसर्ग नाही. एका मुलीचं :

खोडरबराचे
पोट गेले आत
चुका माझ्या खात
रोज रोज

बाकी तुम्ही ठरवा.

वाचनमात्र

खाऊन पोट आत जातं! काय पकडलंय.

दीर्घ_ईकार

मोजलं. ६-६-६-४. चोख.

शाईचा_डाग

ठेका, हे उदाहरण सुंदर आहे, आणि खरं सांगायचं तर तुमच्याच बाजूने बोलतं. "आत" ला यमक हवं होतं म्हणून "खात" आलं असणार, आणि "खात" आल्यामुळेच ती गंमत झाली. यमकाने तिला अशा ठिकाणी नेलं जिथे ती आपण होऊन गेली नसती. तरी मी सुरुवात विनायमकच करीन. तुमच्याकडच्या मुलीला शब्द भरपूर येत असणार. ज्याच्याकडे मोजके शब्द आहेत त्याला यमक मोराकडेच नेतं.

ठेका

हे मात्र आहे. मोजके शब्द असलेल्यांना मी आधी यादी करायला लावतो. "आत" सारखे ऐकू येणारे जमतील तेवढे शब्द, सगळ्या वर्गाने मिळून, फळ्यावर. दात, हात, रात, जात, कात, पात, घात... मग निवडायचं. यमक डोक्यात शोधायचं नाही, फळ्यावरून उचलायचं. निम्मी भीती तिथेच जाते.

उंबरठा

कोऱ्या कागदाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. माझा मुलगा असाच होता. त्याचं लिहिणं हळू. एक वाक्य कागदावर येईतो पुढची दोन डोक्यातून निघून जायची. मग तो लिहिणंच टाळायचा आणि सगळ्यांना वाटायचं याला काही सुचत नाही.

बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. कामं करताना त्या ओव्या रचत आणि म्हणत, आणि त्यांचे चिरंजीव सोपानदेव व घरातल्यांनी त्या टिपून ठेवल्या. १९५१ मध्ये त्या गेल्या. सोपानदेवांनी ते बाड आचार्य अत्र्यांना दाखवलं आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. म्हणजे आपल्या भाषेतली एवढी मोठी कविता आपल्यापर्यंत आली ती दुसऱ्या कुणीतरी लिहून घेतली म्हणून. मग पाचवीतल्या मुलासाठी कुणी लिहून घेतलं तर ती काय फसवणूक होते?

त्याला बाजूला बसवा, तो बोलेल ते शब्दशः लिहून घ्या. शब्दशः म्हणजे शब्दशः. "म्हणजे ना", "ते हे" सकट. वाक्य नीट करून द्यायचा मोह होतो, तो आवरा. मग त्याला वाचून दाखवा आणि विचारा, यातलं काय काढू? मुलं काढायला फार हुशार असतात. आणि ओळ कुठे तोडायची तेही त्यालाच ठरवू द्या. तुम्ही वाचत जा, तो "इथे" म्हणेल तिथे तोडा.

तिरपी_रेघ

उंबरठा, हे डोक्यातच आलं नव्हतं. करून बघते. प्रश्न एकच, बाकीची तीसेक मुलं तोवर काय करतील?

मीनल_म

मोठ्या मुलांना लेखनिक करा. सातवीतला लिहून घेईल, पाचवीतला बोलेल. मोठ्यांना कविता "लिहावी लागत नाही" म्हणून तेही खूश.

जुना_फळा

आणि लिहून घेता घेता सातवीतल्याचा कान तयार होतो, हे त्याला सांगू नका.

प्रत्यय_काका

धागा उशिरा पाहिला. मी व्याकरणवाला, त्यामुळे माझ्याकडून कवितेची अपेक्षा कुणी करत नाही. पण विभक्तीच्या तासाला माझ्या वर्गात नकळत कविता होतात.

जियान्नी रोदारी नावाचा इटालियन बाललेखक होता, बालसाहित्यासाठीचा १९७० चा अँडरसन पुरस्कार त्याला मिळाला. त्याची एक युक्ती होती. एकमेकांशी काही संबंध नसलेले दोन शब्द घ्यायचे आणि ते वेगवेगळ्या तऱ्हेने जोडायचे. त्याचं उदाहरण कुत्रा आणि कपाट. आता बघा, त्याला जोडायला सुटी अव्ययं लागायची, आपल्याकडे प्रत्ययांची फौज तयार उभी आहे. कुत्र्याचं कपाट. कपाटातला कुत्रा. कपाटाला कुत्रा. कपाटाशी कुत्रा. कुत्र्याहून कपाट. कुत्र्याने कपाट.

"कपाटातला कुत्रा" ला कुणी दचकत नाही, लपला असेल. पण "कपाटाशी कुत्रा" म्हटलं की वर्ग थांबतो. कपाटाशी काय? बोलतो? भांडतो? लग्न करतो? तिथून मुलांना थांबवणं अवघड. चिठ्ठ्या करा, एका डब्यात नामं, दुसऱ्या डब्यात प्रत्यय. मागे एकदा "सावली", "खिसा" आणि "हून" निघालं. एका मुलीने लिहिलं, "खिशाहून मोठी सावली माझ्याकडे आहे, म्हणून ती बाहेर राहते."

विभक्तीच्या तक्त्यासाठी मुलं एरवी मला शिव्या घालतात, त्यामुळे हा माझा स्वार्थ समजा.

बेरकी बोका

बोक्याहून कपाट मोठे / बोक्याला कपाट खोटे / बोक्याने कपाट ओरबाडले / तिरपी रेघ उठे!

(बघा, वय वर्षे बेचाळीस आणि नाक मुरडत नाही.)

ठेका

बोकोबा, तिसरा चरण लांबला.

बेरकी बोका

ओरबाडताना भान राहिलं नाही.

सरळ_मुद्दा

विरजण घालतोय, पण विचारतो. सगळ्या मुलांना कविता आवडलीच पाहिजे हा हट्ट कशासाठी? प्रत्येकाला पोहणं आवडत नाही, चित्रकला आवडत नाही. तिथे आपण "मुलाचा कल नाही" म्हणून सोडून देतो. कवितेच्या बाबतीतच आपल्याला अपराधी का वाटतं? मला कविता आवडत नाही. माझं काही अडलेलं नाही.

जुना_फळा

रास्त प्रश्न. आवडलीच पाहिजे असं मीही म्हणणार नाही. पण नावड कशाची, ते तरी त्याला कळावं. पाण्यात उतरून "नको" म्हणणारा आणि काठावरूनच पाण्याला घाबरलेला, दोघांना एकाच खात्यात टाकू नये. बहुतेक मुलं दुसऱ्या खात्यातली असतात.

शाईचा_डाग

आणि लिहायला लावण्यामागे कवी घडवणं हा हेतूच नाही. चार ओळींमध्ये मूल पहिल्यांदा शब्द निवडतं. निबंधात निवडायला लागत नाही, पान भरायचं असतं. "मोठं" लिहू की "अवाढव्य" यावर ते अडून बसलं तर माझं काम झालं. पुढे त्याने आयुष्यात एकही कविता वाचली नाही तरी चालेल.

सरळ_मुद्दा

हे पटण्यासारखं आहे. पण मग स्पर्धा, बक्षिसं, व्यासपीठावर हावभावांसह सादरीकरण हे कशाला? मला कवितेचा कायमचा तिटकारा आला तो तिथूनच. हात वर करून आकाश दाखवायचं, छातीवर ठेवून हृदय.

वाचनमात्र

हावभावांवर आजीव बंदी. प्रस्तावाला माझं अनुमोदन.

मीनल_म

+१. आणि डोलत म्हणण्यावर पण.

ठेका

डोलण्यावर नको हो. ठेका धरला तर डोलणारच.

आठवीची_आई

वेगळाच प्रश्न. माझ्या मुलीला "पाणी" या विषयावर कविता आणायला सांगितली होती. तिने मोबाइलमधल्या एआयकडून अर्ध्या मिनिटात सोळा ओळी काढून घेतल्या. व्याकरण शुद्ध, यमकं जुळलेली, शेवटी पाणी वाचवण्याचा संदेश. बाईंनी "सुंदर" असा शेरा दिला. आता मी तिला कोणत्या तोंडाने सांगू की स्वतः लिही?

प्रत्यय_काका

"पाणी" हा विषय देणाऱ्याला आधी विचारा. असला विषय दिला की मूलही तेच लिहितं जे यंत्र लिहितं, फक्त जास्त वेळ लावून. मोर आठवा. त्याऐवजी सांगा, तुमच्या घरातला कुठला नळ काय आवाज करतो ते तीन ओळींत लिहा. तो नळ यंत्राने ऐकलेला नाही.

शाईचा_डाग

शिवाय घरी लिहायला देऊच नका. वर्गात, हातावर मावेल एवढ्या चिठ्ठीवर, सात-आठ मिनिटांत. चिठ्ठी लहान असली की "किती ओळी" हा प्रश्नही पडत नाही, मावतील तेवढ्या. मोठा कागद बघूनच निम्मी मुलं गारठतात.

लहान चिठ्ठीसाठी हायकू, हा मूळचा जपानी कविताप्रकार, फार सोयीचा. मराठीत शिरीष पैंनी तो रुजवला. तीन ओळी. ५-७-५ अक्षरांची अट मुलांना खेळ म्हणून आवडते, पण अडलं तर मी सोडून देते. मुख्य अट दुसरीच : आत्ता या खोलीत जे दिसतंय किंवा ऐकू येतंय तेच. "सुंदर", "छान", "आनंद" हे शब्द त्या दिवशी सुट्टीवर. एका मुलाचा :

पंखा फिरतो
वहीची पाने मात्र
वाचतो तोच

दीर्घ_ईकार

५-७-५ बरोबर. (सवय लागली आता.)

उंबरठा

लिहून झाल्यावर काय म्हणायचं, हेही महत्त्वाचं वाटतं मला. "वा, छान" ऐकून मुलाला काही कळत नाही, "छान" मोराच्या कवितेलाही मिळतं. मी एकच गोष्ट सांगते : "मला हा शब्द दिसला." नुसतं बोट ठेवायचं. "वहीची पाने मात्र" मधला तो "मात्र". मुलगा स्वतःच पुन्हा वाचून बघतो, आपण असं काय केलं म्हणून. आणि शुद्धलेखनाचा लाल पेन त्या दिवशी घरी ठेवायचा.

प्रत्यय_काका

लाल पेनाबाबत माझी व्यावसायिक हरकत नोंदवून घ्या. भिंतीवर लावायच्या आधी तरी ऱ्हस्व-दीर्घ सुधारू द्या.

उंबरठा

भिंतीवर लावायच्या आधी चालेल. मुलाशेजारी बसून. आणि "इथे" वर हात लावायचा नाही.

तिरपी_रेघ

सगळ्यांचे आभार. मधल्या काळात बरंच करून पाहिलं, म्हणून वृत्तान्त देते.

नुसतं वाचण्याचा तास सगळ्यात अवघड गेला, मुलांना नाही, मला. काही न विचारता गप्प राहणं जमत नाही. आता जमायला लागलंय. प्रत्ययांच्या डब्यांवरून मारामारी झाली, अक्षरशः. "पेन्सिलीशी चंद्र" कुणाच्या वाट्याला यावा यावरून. मोरवाल्या गटाने अभंग लिहिला, त्यातही मोर आहे. सहा-सहा-सहा-चार अक्षरांत बसवलेला मोर. दप्तराच्या आतली वस्तू, असं सांगितलं होतं. दप्तरावर छापलेला आहे म्हणे. काय बोलणार?

न बोलणाऱ्या मुलासाठी सातवीतली एक मुलगी लेखनिक झाली. पहिल्यांदा काहीच आलं नाही, दोघं नुसती बसून होती. पुढच्या खेपेला तिने हे आणून दिलं. त्यांच्या जिन्यात माणूस आलं की आपोआप लागणारा दिवा आहे, त्याबद्दल. ओळी त्याने तोडल्यात :

जिन्यातला दिवा
मी आलो की लागतो
मी हललो नाही
की त्याला वाटतं
मी नाहीच

मी त्याला म्हटलं, "मला 'नाहीच' दिसला." त्याने मान हलवली आणि कागद परत मागून घेतला. त्यामुळे तो भिंतीवर नाही, त्याच्याकडेच आहे. इथे टाकायची परवानगी मात्र दिलीय, नावाशिवाय.

मीनल_म

बाप रे.

जुना_फळा

भिंतीवर नाही ते उत्तम झालं.

सरळ_मुद्दा

मला कविता आवडत नाही, पण ही दोनदा वाचली.

गणिती

आणि माझा माणूस? अर्धवट धडेवाला?

तिरपी_रेघ

त्याचं तर विचारू नका. चुटक्या-टाळ्यांचा तास झाल्यापासून तो येता-जाता सगळ्यांच्या वाक्यांचे लगागा पाडतो. सूचना वाचून दाखवली तर म्हणतो, "बाई, दुसऱ्या तुकड्यात एक मात्रा जास्त झाली." कविता अजून "आवडत नाही"च. पण मला उद्देशून एक ओळ लिहून दिलीय :

मला सांग बाई, तुला येत का हे

एकेरी का रे, विचारलं. तर म्हणे, "तुम्हाला घातलं की वृत्त मोडतं. माझा नाइलाज आहे."

गणिती

हा हा! पोरगं तयार आहे.

दीर्घ_ईकार

थांबा. त्याचा नाइलाज वगैरे काही नाही. "तुम्हाला" मध्ये तु लघूच राहतो, याच धाग्यात मला शिकवलं गेलंय. म्हणजे तुम्हाला = लगागा. चपखल बसतं. अडचण "सांग" ची आहे, "सांगा" केलं की मोडतं. पण ओळ फिरवली तर :

जरा सांगता का, तुम्हाला कळे का

लगागा लगागा लगागा लगागा. आदरार्थी, आणि खोचकपणाही शाबूत.

गणिती

ईकारसाहेब, दंडवत.

बेरकी बोका

मुलं राहिली बाजूला, हे एक तयार झालं.

तिरपी_रेघ

उद्याच ही ओळ त्याच्या हातात ठेवते. आता दुसरी ओळ माझ्याकडून मागणार तो, याच वृत्तात उत्तर. गणिती, रात्री जागे असाल ना?